तुरुंगातला एक दिवस: ८३ रुपये

दंड न भरणाऱ्याच्या तुरुंगातल्या एका दिवसाचा भाव भारतीय न्याय संहितेत लिहिलेला नाही, पण हिशेबाने तो निघतो: ८३ रुपये. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्यात ५,००० रुपयांपर्यंतचा दंड थकला तर जास्तीत जास्त दोन महिने साधी कैद, १०,००० पर्यंत चार महिने. दोन्ही मर्यादांवर दिवसाला ८३ रुपयेच पडतात. दंड ५०० रुपये असला तरी दोन महिने देता येतात. तिथे दिवस ८ रुपयांना जातो.

महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ मध्ये २९७ रुपये होती, २०२५-२६ मध्ये ३१२ झाली, म्हणजे ५ टक्के वाढ. या दराने ५,००० रुपये ही १६ दिवसांची मजुरी. आत मात्र ६० दिवस.

१८६० च्या दंडसंहितेत दोन महिन्यांची मर्यादा ५० रुपयांना होती, १०० रुपयांच्या वर थेट सहा महिने. १ जुलै २०२४ पासून या रकमा शंभरपट झाल्या. ५,००० रुपयांसाठी १८० दिवसांचे ६० झाले, ही सुधारणा मोठी आहे. पण १०,००० च्या वर कमाल मुदत सहा महिन्यांवरून एक वर्षावर गेली.

खरी गोम आधी काढलेल्या दिवसांची. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते: ७५.८ टक्के. शिक्षा झाली की त्यांचे आतले दिवस कैदेतून वजा होतात. दंड थकल्याबद्दलच्या कैदेला ही वजावट कायद्यानेच नाकारली आहे. समजा, कोणी १४ महिने कच्चा कैदी म्हणून काढले आणि शिक्षा झाली एक वर्ष, ५,००० दंड, दंड न भरल्यास आणखी दोन महिने. जास्तीचे दोन महिने आधीच भोगून झालेत, तरी ते धरले जात नाहीत. पैसे नसतील तर तो १६ महिन्यांनी सुटतो. हा अन्याय एका ओळीच्या दुरुस्तीने मिटू शकतो.

कॅलिफोर्नियात ती ओळ आहे. तिथे खटल्याआधीचा दिवसही मूळ दंडातून वजा करता येतो, किमान १२५ डॉलर दराने. २०१६ च्या दुरुस्तीपूर्वी दर ३० डॉलर होता.

आपल्याकडे दंडापायीची कैद पूर्ण भोगली तरी दंड कागदावर उरतो. शिक्षेपासून सहा वर्षे तो वसूल करता येतो; फक्त त्यासाठी वॉरंट काढताना न्यायालयाला विशेष कारण लेखी नोंदवावे लागते किंवा नुकसानभरपाईचा आदेश असावा लागतो.