उच्च तद्रूपता

उच्च तद्रूपता : मुद्रित संगीत मूळ गायन-वादनाशी शक्य तितके मिळतेजुळते ऐकविण्याचा ध्वनिपुनरुत्पादन यंत्रणेचा गुण. घरगुती उपकरणांच्या बाबतीत तो ‘हाय-फाय’ या नावाने परिचित आहे. अशी उपकरणे प्रत्यक्ष मैफलीची बरोबरी करू शकतात काय, हे ठरविताना स्वराची तद्रूपता व स्थलाची तद्रूपता या दोन बाबी वेगळ्या विचारात घ्याव्या लागतात.

स्वराची तद्रूपता : मानवी कानास सु. २० ते २०,००० हर्ट्‌झ कंप्रतेचे ध्वनी ऐकू येतात. १९०२ मध्ये कोलकाता येथे गौहरजान यांचे गायन मुद्रित झाले, तेव्हा कलावंतास कर्ण्यासमोर गावे लागे, तबकडीवर सु. तीन मिनिटांचेच गायन मावे आणि खर्जाचा व अतितार स्वरांचा बराच अंश गळून जाई. १९२५ च्या सुमारास आलेले विद्युतीय मुद्रण, १९४८ मधील दीर्घवादन तबकडी व १९८२ मधील कॉम्पॅक्ट डिस्क यांमुळे ही उणीव क्रमाने दूर झाली. कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये ध्वनीचे दर सेकंदास ४४,१०० नमुने घेतले जातात. तिच्यावर श्राव्य कंप्रतांचा जवळजवळ संपूर्ण पट्टा आणि सु. ९६ डेसिबेलपर्यंतचा तीव्रतेतील फरक नोंदविता येतो. चांगल्या विवर्धकातील विरूपणही सहसा कानास जाणवत नाही. या साखळीत सर्वाधिक दोष उरतो तो ध्वनिवर्धकात व तो ज्या खोलीत ठेवलेला असतो तीत.

स्थलाची तद्रूपता : सभागृहात श्रोत्यास वाद्याचा थेट ध्वनी प्रथम आणि भिंती व छत यांवरून परावर्तित झालेला ध्वनी त्यामागून, सर्व बाजूंनी पोहोचतो. वॉलेस सॅबिन यांच्या सल्ल्याने बांधलेल्या बॉस्टन सिंफनी हॉलमध्ये (१९००) हे अनुरणन सु. १.९ सेकंद टिकते. राहत्या खोलीत ते बहुधा अर्ध्या सेकंदाच्या आसपास असते. मुद्रणात सभागृहाचे अनुरणन उतरले, तरी दोन ध्वनिवर्धकांतून ते केवळ समोरून येते. शिवाय खोली स्वतःची भर घालते. ४ मी. लांबीच्या खोलीत सु. ४३ हर्ट्‌झ कंप्रतेस स्थिर तरंग निर्माण होतो. त्यामुळे खोलीत एके ठिकाणी खर्ज घुमतो, तर दुसरीकडे लोपतो.

अमेरिकेतील अकूस्टिक रिसर्च या कंपनीने १९६० च्या सुमारास केलेले प्रयोग या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. फाइन आर्ट्‌स क्वार्टेट या तंतुवाद्यवृंदाचे वादन परावर्तन टाळून मुद्रित करण्यात आले. सभागृहात वादक मध्येच वादन थांबवून केवळ अभिनय करीत व त्या वेळी ध्वनिवर्धकांतून मुद्रित वादन चालू राही. हा बदल अनेक श्रोत्यांच्या लक्षात आला नाही. वाद्यांची जागा ध्वनिवर्धकांनी घेतली, परंतु सभागृह खरेच होते, हे या यशाचे मर्म होय.

यावरून असे दिसते की, घरात एकल सतारीचे किंवा तंबोऱ्याच्या साथीवरील गायनाचे पुनरुत्पादन मुळाच्या पुष्कळ जवळ जाऊ शकते, कारण छोट्या बैठकीचे स्थल व राहती खोली यांत फारसे अंतर नसते. मोठ्या वाद्यवृंदाच्या बाबतीत मात्र ते सभागृहाचा आभासच निर्माण करू शकते. आजच्या मोठ्या मैफलींत श्रोता पुष्कळदा ध्वनिवर्धकातूनच ऐकत असल्याने तेथे ‘मूळ’ ध्वनी कोणता, हेही निश्चित सांगता येत नाही. श्रोत्यांच्या प्रतिसादानुसार कलावंत विस्तार बदलतो. तो बदल मुद्रणात एकदाच नोंदला जातो आणि नव्या श्रोत्याच्या दादेचा त्यावर परिणाम होत नाही. ही मर्यादा उपकरणाची नसून मुद्रणाची आहे.