होम थिएटर ध्वनियंत्रणा
होम थिएटर ध्वनियंत्रणा ही घरी चित्रपट पाहताना चित्रपटगृहासारखा सभोवतालचा ध्वनी निर्माण करणारी उपकरणांची जोडणी होय. तिच्यात सामान्यतः ध्वनिसंकेत उलगडून त्यांचे वर्धन करणारा रिसीव्हर, अनेक स्पीकर आणि खर्जासाठी सबवूफर यांचा समावेश असतो. सपाट दूरचित्रवाणी संचांतील स्पीकर आकाराने लहान असतात आणि बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे संवाद अस्पष्ट ऐकू येतात. म्हणूनच मर्यादित खर्चात यंत्रणा निवडताना स्पीकरच्या संख्येपेक्षा संवादांची स्पष्टता हा अधिक महत्त्वाचा निकष ठरतो.

रचना
सर्वाधिक प्रचलित रचनेला ५.१ म्हणतात. यातील ५ हा आकडा डावा, मध्य, उजवा आणि सभोवतालचे दोन अशा पाच मुख्य वाहिन्या दर्शवतो. १ ही केवळ खर्जाच्या परिणामांसाठी राखलेली वाहिनी असते. १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स' या चित्रपटापासून डॉल्बी डिजिटल ही ५.१ पद्धत चित्रपटगृहांत आली व पुढे डीव्हीडीमुळे घरोघरी पोहोचली. डॉल्बी ॲटमॉस (२०१२) या नंतरच्या पद्धतीत श्रोत्याच्या डोक्यावरून येणाऱ्या ध्वनीचीही भर पडली.

चित्रपटातील संवाद मुख्यत्वे मध्य वाहिनीवर असतात. केवळ डावा व उजवा असे दोन स्पीकर असले, तरी संवाद हरवत नाहीत. रिसीव्हर ते दोन्ही स्पीकरमध्ये वाटून देतो आणि मधोमध बसलेल्या श्रोत्याला ते पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात. मात्र कडेला बसलेल्यांना ते जवळच्या स्पीकरकडे ओढलेले जाणवतात. कुटुंबातील अनेक जण एकत्र चित्रपट पाहत असल्यास मध्य स्पीकर उपयुक्त ठरतो, तो यामुळे.

संवादांची स्पष्टता
व्यंजनांची ओळख बऱ्याच अंशी उच्च वारंवारतेच्या ध्वनींवर अवलंबून असते. वाढत्या वयात श्रवणशक्ती प्रथम याच पट्ट्यात कमी होते. त्यामुळे घरातील ज्येष्ठांना आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. आवाज वाढवल्याने ही अडचण पुरती सुटत नाही, कारण त्याबरोबर पार्श्वसंगीतही वाढते. खर्जावर अवाजवी भर देणाऱ्या स्वस्त संचात संवाद अधिकच झाकोळतात. स्वतंत्र मध्य स्पीकर असल्यास केवळ त्याचीच पातळी वाढवता येते.

तांत्रिक आकड्यांचा अर्थ
खोक्यावर छापलेला 'पीएमपीओ' हा वॅटचा आकडा मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही; तो तुलनेसाठी निरुपयोगी असतो. सातत्याने मिळणारी शक्ती दर्शवणारा 'आरएमएस' आकडा अधिक विश्वासार्ह मानला जातो. तोही किती वाहिन्या एकाच वेळी चालवून मोजला आहे, हे पाहावे लागते.

स्पीकरची संवेदनशीलता १ वॅट शक्तीला १ मीटर अंतरावर मिळणाऱ्या डेसिबलमध्ये सांगतात. शक्ती दुप्पट केल्यास पातळी ३ डेसिबलने वाढते. ऐकताना आवाज दुप्पट वाटण्यासाठी मात्र सुमारे १० डेसिबलची, म्हणजे दहापट शक्तीची गरज असते. म्हणून ८५ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरला जो आवाज देण्यासाठी २० वॅट लागतात, तो ८८ डेसिबलचा स्पीकर १० वॅटमध्ये देतो. अधिक वॅटसाठी जादा पैसे मोजण्याऐवजी अधिक संवेदनशील स्पीकर घेणे अनेकदा किफायतशीर ठरते.

जोडणी
दूरचित्रवाणी संचातील ध्वनी एचडीएमआय केबलनेच बाहेर नेण्याची एआरसी ही सोय २००९ साली एचडीएमआय १.४ या आवृत्तीत आली. तिच्यातून संक्षेपित ५.१ ध्वनी जाऊ शकतो. असंक्षेपित बहुवाहिनी ध्वनीसाठी एचडीएमआय २.१ मधील ईएआरसी ही सोय लागते. एआरसी नसलेल्या जुन्या संचासाठी ऑप्टिकल जोडणी पुरेशी असते. स्पीकर काही मीटरच दूर असतील, तर १.५ चौरस मिलिमीटर जाडीची साधी तांब्याची वायर चालते.

मांडणी आणि खोली
आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार मध्य स्पीकर श्रोत्याच्या समोर, डावा व उजवा मध्यरेषेपासून प्रत्येकी ३० अंशांवर आणि सभोवतालचे दोन १०० ते १२० अंशांवर असावेत. उच्च वारंवारतेचे स्पीकर बसलेल्या श्रोत्याच्या कानाच्या उंचीवर ठेवल्यास ध्वनी स्पष्ट होतो.

फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत ध्वनी परावर्तित होऊन शब्द एकमेकांत मिसळतात. सतरंजी, जाड पडदे, गादीचे आसन व पुस्तकांचे कपाट यांमुळे हा दोष विनाखर्च कमी होतो. खर्जावर मात्र त्यांचा फारसा परिणाम होत नाही. ४ मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४३ हर्ट्झचा ध्वनी भिंतींमध्ये अनुनादित होतो, आणि त्यामुळे काही ठिकाणी खर्ज घुमतो, तर काही ठिकाणी नाहीसा होतो. कोपऱ्यात ठेवलेल्या सबवूफरचा आवाज सर्वाधिक वाढतो. त्याची जागा बदलून पाहणे हा यावरील पहिला उपाय होय. खर्ज भिंतींतून सहज पार जात असल्याने सदनिकांमध्ये शेजाऱ्यांना त्याचाच अधिक त्रास होतो. भारतात निवासी क्षेत्रासाठी ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे.

टप्प्याटप्प्याने उभारणी
एकाच खोक्यात मिळणारा तयार संच मांडायला सोपा असतो, पण त्याचे भाग बहुधा स्वतंत्रपणे बदलता येत नाहीत. साउंडबार कमी जागा व्यापतो. त्यात मध्य वाहिनीसाठी वेगळा स्पीकर आहे का, हे तपासणे महत्त्वाचे असते. स्वतंत्र घटक घेतल्यास आधी रिसीव्हर व दोन चांगले स्पीकर, नंतर मध्य स्पीकर, मग सबवूफर आणि शेवटी सभोवतालचे स्पीकर असा क्रम ठेवता येतो. खर्च विभागला जातो आणि प्रत्येक टप्प्यावर यंत्रणा वापरण्याजोगी राहते.

वापरलेले स्पीकर हाही स्वस्त पर्याय आहे, कारण त्यांचे तंत्र फारसे बदललेले नाही. मात्र शंकूभोवतीची फोमची कडा काळानुसार ठिसूळ होऊन तुटते, म्हणून ती तपासावी लागते. जुन्या रिसीव्हरमध्ये नव्या जोडण्यांचा अभाव असू शकतो. स्पीकरचा संरोध, म्हणजे ओहममधील आकडा, रिसीव्हरला चालणाऱ्या किमान मर्यादेपेक्षा कमी असल्यास रिसीव्हर तापून बंद पडण्याचा धोका असतो.