समजून घ्या : कोंबडीच्या पिल्लांना ऊब कशाची द्यावी? बल्ब, गॅस की शेगडी?

थंडीत एकदिवसीय पिल्ले आणली, मध्यरात्री वीज गेली आणि सकाळी शेडच्या कोपऱ्यात मेलेल्या पिल्लांचा ढीग दिसला. परसातील कुक्कुटपालन सुरू करणाऱ्या अनेकांचे पहिले नुकसान असेच होते. गारठलेली पिल्ले उबेसाठी एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. त्यामुळे पिल्ले येण्याआधीच उबेचे साधन ठरवावे लागते.

पिल्लांना बाहेरून ऊब का लागते?

खुडूक कोंबडी दहा-पंधरा पिल्ले पंखाखाली सहज सांभाळते. हॅचरीतून आलेल्या पिल्लांना आई नसते. त्यांच्या अंगावर फक्त लव असते आणि शरीराचे तापमान टिकवण्याची क्षमता पहिले दोन आठवडे पुरेशी तयार झालेली नसते. म्हणून पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर सुमारे 35 अंश सेल्सिअस तापमान लागते. पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी करत जायचे, म्हणजे दुसऱ्या आठवड्यात 32, तिसऱ्यात 29, चौथ्यात 26. या कृत्रिम उबेच्या व्यवस्थेलाच ब्रूडिंग म्हणतात.

बल्ब कोणासाठी?

शंभर-दोनशे पिल्ले असतील, तर पिवळा बल्ब सर्वांत सोपा. हिशेब प्रति पिल्लू 2 वॉट. 100 पिल्लांना 200 वॉट म्हणजे दिवसभरात 4.8 युनिट वीज. मात्र 200 वॉटचा एकच बल्ब लावण्याऐवजी 100 वॉटचे दोन लावावेत. एक उडाला तरी दुसरा चालू राहतो. एलईडी बल्ब इथे निरुपयोगी, कारण त्यातून उष्णता फारशी मिळत नाही. 250 वॉटचा इन्फ्रारेड दिवा जास्त ऊब देतो, पण तो खाली पडला तर भाताचे तूस पेट घेऊ शकते. दिवा वायरवर न लोंबवता साखळीने बांधावा आणि तुसापासून किमान दीड फूट उंच ठेवावा.

गॅस ब्रूडर कधी परवडतो?

पिल्ले हजाराच्या घरात असतील किंवा गावात वीज बेभरवशाची असेल, तर गॅस ब्रूडर उपयोगी. ऊब भरपूर मिळते आणि भारनियमनाचा फटका बसत नाही. पण गॅस जळताना शेडमधला प्राणवायू कमी होतो, हवेत ओलावा वाढतो आणि तूस दमट होते. दमट तुसातून अमोनिया सुटतो, पिल्लांचे डोळे चुरचुरतात. म्हणून वरच्या बाजूने हवा खेळती हवी. व्यवसायासाठी घरगुती सिलिंडर वापरणे बेकायदा आहे, हेही लक्षात ठेवावे.

कोळशाची शेगडी स्वस्त, पण...

ग्रामीण भागात शेगडी किंवा बुखारी आजही दिसते. खर्च कमी, पण धोका सर्वांत जास्त. थंडी नको म्हणून शेड चहूबाजूंनी प्लास्टिकने बंद केले जाते आणि आत कार्बन मोनॉक्साइड साठतो. या वायूला वास नसतो. पिल्ले तर दगावतातच, राखणीला आत झोपलेल्या माणसाच्याही जिवावर बेतू शकते. बुखारी वापरायचीच असेल, तर धुराडे शेडबाहेर काढावे, पडदा वरून फूटभर उघडा ठेवावा आणि आत कोणीही झोपू नये.

वीज गेली तर?

साधन निवडताना खरा प्रश्न हाच आहे. 150 अँपिअर-तासांची चांगली बॅटरी असलेला इन्व्हर्टर 200 वॉटचे बल्ब साधारण पाच-सहा तास चालवू शकतो. इन्व्हर्टर नसेल, तर गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून पिल्लांमध्ये ठेवाव्यात आणि पाणी निवले की बदलावे. पिल्लांभोवती पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे दीड फूट उंच गोल कडे, म्हणजे चिक गार्ड, लावावे. गोलात कोपरा नसल्याने ढीग होण्याचा धोका कमी होतो.

ऊब पुरेशी आहे, हे कसे ओळखावे?

थर्मामीटर हवाच, पण पिल्लेही सांगतात :

• दिव्याखाली दाटीवाटी आणि सतत चिवचिवाट : ऊब कमी.
• कड्याला चिकटून, चोच उघडी ठेवून धापा : उष्णता जास्त. दिवा वर घ्यावा.
• सगळी एकाच बाजूला : दुसरीकडून गार वारा येतोय.
• सर्वत्र पसरून खाणे-पिणे, निवांत झोपणे : सारे ठीक.

ही पाहणी पहाटे तीन-चारच्या सुमारास करावी. गारवा तेव्हा बराच असतो. निफाडच्या जानेवारीत दिवसाही बल्ब लागेल, तर नागपूरच्या मे महिन्यात दुपारी तो बंदच ठेवावा लागेल.

थोडक्यात, शंभर पिल्लांसाठी दोन बल्ब आणि इन्व्हर्टर, मोठ्या संख्येसाठी गॅस आणि खेळती हवा, शेगडी अगदीच नाइलाज असेल तर. थंडीत पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशीच ब्रूडर सुरू करून एक रात्र तपासून पाहावा. उणीव त्या रात्री कळली, तर ती पिल्लांच्या जिवावर बेतत नाही.