‘दासी’ या शब्दाचा वारसा

वसाहतकालीन गुलामधारी मळेवाल्यांच्या वारसाहक्काचा विचार करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. गुलाम ही कोणत्या प्रकारची मालमत्ता? आणि धन्यापासून गुलाम स्त्रीला झालेल्या अपत्याचे स्थान कोणते? पहिल्या प्रश्नाची उत्तरे वसाहतीगणिक बदलली. १६८५ च्या फ्रेंच ‘कोड नुआर’ने गुलामांना जंगम मालमत्ता ठरवून सहवारसांत वाटणीयोग्य केले, व्हर्जिनियाने १७०५ मध्ये त्यांना वारशापुरते स्थावर मानले. दुसऱ्या प्रश्नाचा निकाल व्हर्जिनियाने १६६२ मध्येच लावला होता : अपत्याची स्थिती आईवरून ठरेल. त्यामुळे धन्याचे लेकरू त्याच्या वारसांत न येता त्याच्या मालमत्तेच्या यादीत येई.

महाराष्ट्रात तसे मळे नव्हते; दास्य मात्र होते. पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री होई. घरांतून आणि सरकारी कारखान्यांतून त्या राबत. दासीच्या अपत्यासाठी मराठीत ‘लेकावळा’ हा शब्द रूढ होता. तथापि येथील शास्त्राने पित्याकडील वाट सर्वस्वी बंद केली नव्हती. याज्ञवल्क्यस्मृती व तीवरील विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ यांनुसार शूद्राच्या दासीपुत्रास पित्याच्या इच्छेने हिस्सा मिळे. पित्याच्या पश्चात औरस भावांनी त्यास अर्धा भाग द्यावा, असा नियम होता. द्विजांच्या दासीपुत्राच्या वाट्याला मात्र केवळ निर्वाह येई. व्हर्जिनियात आईचे दास्य निर्णायक ठरले, तर येथे बापाचा वर्ण.

१८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनीच्या मुलखात गुलामावरील मालकीहक्क न्यायालयांत अग्राह्य ठरले आणि एक विलक्षण पेच उद्भवला. दास्यच कायद्याने उरले नाही, तर ‘दासीपुत्र’ कोणाला म्हणावे? १८७५ मध्ये दोन उच्च न्यायालयांनी याची परस्परविरोधी उत्तरे दिली. ‘नारायण धारा विरुद्ध राखाल गाईन’ या खटल्यात कलकत्त्याने ‘दासी’चा अर्थ शब्दशः गुलाम स्त्री असा घेतला, रखेलीच्या पुत्राला त्यामुळे हिस्सा नाकारला गेला. मुंबईने ‘राही विरुद्ध गोविंदा’ या खटल्यात अर्थ विस्तारला : शूद्राची कायम ठेवलेली स्त्रीही ‘दासी’च, संबंध व्यभिचाराचा नसल्यास तिचा पुत्र वाटेकरी. कलकत्त्यानेही पुढे आपली भूमिका सोडली.

वाङ्मयाभ्यासकांनी येथे थांबून पाहावे असे बरेच आहे. शब्दनिष्ठ वाचनात मुक्तीच हक्काच्या मुळावर येते. उदार वाचनात हक्क टिकतो, पण त्यासाठी स्वतंत्र स्त्रीला ‘दासी’ हे नाव धारण करावे लागते. पुत्राच्या हिश्शाची किंमत आईच्या नावाने चुकती होते.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने अनौरस अपत्याचे नाते मूलतः आईशी जोडले. त्यामुळे ‘दासी’च्या अर्थावरचा वाद मागे पडला आणि शूद्राच्या अनौरस पुत्राचा तो प्राचीन हिस्साही. भाषेने मात्र हिशेब मिटवला नाही. बारा माशांच्या तोळ्यात एक मासा कमी, म्हणून ‘अक्करमाशी’. १९८४ मध्ये शरणकुमार लिंबाळे यांनी हीच शिवी आपल्या आत्मकथनाचे शीर्षक केली. त्यांची आई गुलाम नव्हती. पण सत्ताधारी पिता, दलित माता आणि बापाच्या नावावाचून वाढणारे मूल हा त्रिकोण जुनाच आहे. मळ्यांच्या मुलखातील आत्मकथनांशेजारी हे पुस्तक ठेवताना आधी दोन्हीकडील वारसाकायदे शेजारी ठेवावेत. मुलाचे मौन कोणत्या यादीतून आले, वाटणीच्या की मालमत्तेच्या, हे त्यावाचून कळत नाही.