शब्दांच्या खेळात बाद कोण?

पहिलीच्या पुस्तकातलं कुठलंही पान उघडा. 'आहे', 'नाही', 'आणि', 'तो', 'ती' ही मंडळी दर दोन-चार ओळींनी भेटतातच. मूल दर वेळी 'आ… हे…' असं अक्षर लावत बसलं, तर ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरतं. नेहमीचे शब्द बघताक्षणी ओळखू आले, की लक्ष अर्थाकडे वळतं.

अमेरिकेत एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ साली इंग्रजीतल्या अशा २२० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. नामं तीत नव्हती. ती त्यांनी वेगळी काढली. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं आणि शब्दकार्डांना आपल्या वर्गांतही महत्त्व आलं. पण इंग्रजीची युक्ती मराठीला जशीच्या तशी लागू पडत नाही. इंग्रजीत 'सेड', 'वॉज', 'वन' हे शब्द जसे लिहितात तसे उच्चारत नाहीत, म्हणून तिथे नजरेच्या सवयीवर भर. मराठीत अक्षराचा आवाज बहुतेक ठरलेला असतो. मुलं अडतात ती काना-मात्रेपाशी. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर ऐकू येते. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो.

म्हणूनच खेळातली कार्डं निवडणं हे बाईंचं खरं कसब. 'घर', 'मासा', 'पाणी' अशी कार्डं मांडली तर मूल पहिल्या अक्षरावरून अंदाज ठोकतं आणि टाळ्या मिळवतं. त्याऐवजी 'घर', 'घार', 'घोडा' मांडा. आता काना पाहिल्याशिवाय सुटका नाही. 'तो, ती, ते' आणि 'आहे, आहेत' यांचंही तसंच.

शब्दांची हाउजी घ्या. पाठकोऱ्या कागदावर नऊ घरं आखायची, फळ्यावरच्या पंधरा-वीस शब्दांतले कोणतेही नऊ मुलांनी आपल्या हाताने लिहायचे. बाई शब्द उच्चारतात, मूल शोधतं, त्यावर चिंचोका ठेवतं. प्रत्येक पुकाऱ्याला अख्खा वर्ग आपापला कागद नजरेखालून घालतो. 'मामाचं पत्र हरवलं'मध्येही रुमालाऐवजी शब्दपट्टी टाकता येते. ज्याच्या मागे पडली त्याने ती वाचून मग धावायचं. मजा भरपूर, पण एका फेरीत वाचणारा एकच. पट्टी धावण्याआधी सगळ्यांना दाखवली आणि वर्गाने एका सुरात वाचली, की हा तोटा भरून निघतो.

साहित्याला खर्च नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला परिसरातल्या वस्तूंतूनच बालशिक्षण उभं केलं. जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या आणि मूठभर चिंचोके आजही पुरतात.

जपायचं ते बाद होण्यापासून. संगीतखुर्चीसारख्या खेळात चुकला तो बाहेर. म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच पहिल्या फेरीत भिंतीला टेकून बसतो आणि ज्याला सगळं येतं तो शेवटपर्यंत वाचत राहतो! नियम उलटा करावा: चुकलेल्याने जोडीदाराच्या मदतीने शब्द वाचावा, गोष्टीच्या पुस्तकात तोच शब्द शोधून दाखवावा आणि पुन्हा खेळात यावं. शब्द पुस्तकात सापडला नाही, तर कार्डावरची ओळख कार्डापुरतीच राहते.

वर्गात खेळ रंगला की पाहुणे गोंगाटाचं कौतुक करतात. बाईंनी मात्र मनात एकच हिशेब ठेवावा: या दहा मिनिटांत सर्वांत मागे असलेल्या मुलाने किती शब्द वाचले?