खरवस काही गळी उतरला नाही

आमच्या घरी म्हैस व्याली की दुसऱ्या दिवशी आळीतली पोरं दारात उभी राहतात. गूळ-जायफळाचा वास सुटला की बोलावणं लागत नाही. आणि मी? मी नाकाला पदर लावून गोठ्याकडे वळते.

माहेरी दुभतं नव्हतं. खरवस पहिल्यांदा पाहिला तो सासरी. सासूबाईंनी कौतुकानं मोठी वडी वाटीत घातली. ती थुलथुलीत वडी आणि चिकाचा तो उग्र वास! कशीबशी गिळली. पुढे वेलदोडे जास्त घातले, गुळाऐवजी साखर घातली, गार करून खाल्ला, पण व्यर्थ. "शेतकऱ्याची सून, अन् खरवस नको?" सासूबाई हसायच्या.

तोवर नावड जिभेचीच होती. मग एका वर्षी आमची पहिलारू म्हैस रात्री व्याली. छान रेडी झाली. पण वार पडल्याशिवाय पाजायचं नाही, हा घरचा रिवाज. वार पडायला सकाळ उलटली. मग चीक काढला, तोही बहुतेक खरवसाला गेला. सात घरी वाट्या पोचल्या. रेडीला मात्र हगवण लागली आणि आठव्या दिवशी ती गेली. म्हैस दोन दिवस रेकत होती.

पशुवैद्यांनी सांगितलं ते भगिनींनो, नीट ध्यानात घ्या. गाई-म्हशींत रोगाशी झगडणारी द्रव्यं पोटातल्या वासराला वारेतून मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात. वासराचं आतडं ती पहिल्या काही तासांतच चांगली शोषून घेतं. 24 तासांनंतर ते दार जवळजवळ बंद होतं. म्हणून पहिला चीक तासाभरात पाजावा. दिवसभरात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे 30 किलोच्या रेडकाला सुमारे 3 लिटर, तीन-चार वेळा विभागून द्यावा. वार पडायची वाट पाहू नये. रेडकू आचळाला लागलं की वार पडायला उलट मदतच होते.

सासूबाईंना हे पटवणं सोपं नव्हतं. "आमच्या वेळी काय वासरं जगली नाहीत?"

मी म्हटलं, "आत्याबाई, जगलेली आपण मोजली. मेलेली कुणी मोजली?"

त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढल्या वेताला वार पडायच्या आधी त्यांनीच रेडकाला आचळाला लावलं.

आता आमच्याकडे खरवस होतो तो रेडकू पिऊन उरलेल्या चिकाचा. पहिल्या दिवसाचा चीक दाट. त्यात दुप्पट दूध घालावं. दुसऱ्या दिवशीच्यात बरोबरीनं. तिसऱ्या दिवशीचा पातळ, त्यात दूध न घालताच गूळ, वेलदोडा, जायफळ घालून वाफवावा. वाट्या लहान झाल्या, घरं कमी झाली. शेजारणी आधी थोड्या रुसल्या. कारण सांगितल्यावर दोघींनी आपल्या गोठ्यातही तसंच सुरू केलं.

गेल्या वेताला सासूबाईंनी पुन्हा एक चमचा माझ्यापुढे धरला. "आता तरी खा. रेडीचं पोट भरलंय."

मी खाल्ला. मनाला काही बोचलं नाही, पण जीभ ऐकेना. वाटी पोरांकडे सरकवली आणि गोठ्यात गेले. रेडी आईच्या पोटाखाली ढुशा देत होती.