बोआ गाभडते तेव्हा

सापांचं बाळंतपण : लेखांक 5

गेल्या लेखांकात धामणीची अंडी पाहिली. अंडं बिघडलं की ते सुरकुततं, पिवळं पडतं, बुरशी धरतं. बिघाड डोळ्यांपुढे असतो. बोआ मात्र पिल्लांनाच जन्म देते. तिचा गाभ पोटातच वाढतो आणि बिघडला तर पोटातच बिघडतो.

पनवेलकरांना पिल्लं घालणारे साप नवे नाहीत. घोणस, हरणटोळ आणि दुरकुंड्या घोणस या परिसरातलेच. यातला दुरकुंड्या नावापुरता घोणस; तो बिनविषारी आणि मांडुळाचा भाऊबंद, म्हणजे बोआंच्याच गोतावळ्यातला. देशी साप घरी पाळणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे हौशी लोकांकडे दिसतात त्या दक्षिण अमेरिकेतून आलेल्या वंशाच्या बोआ. 2024च्या नियमांनुसार त्यांची ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते, जन्मलेल्या पिल्लांचीही.

गाभ टिकला की नाही, हे ओळखायचं पहिलं साधन म्हणजे वही. बीजांडं सुटताना मादीच्या अंगाचा मधला भाग थोडा वेळ ठळक फुगतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ती कात टाकते. ही कातीची तारीख लिहून ठेवायची. तिथून साधारण 100 ते 120 दिवसांत पिल्लं व्हायला हवीत.

गाभण मादी उबेच्या जागेला चिकटून राहते, अनेकदा खाणं सोडते, रंगाने काळवंडते. पण एवढ्यावर विसंबता येत नाही. पोटात सगळी वांझ बीजांडं असली तरी ती अगदी अशीच वागू शकते.

मग फरक कशात?

काही आठवड्यांत पोट हळूहळू ओसरलं, मादी उबेपासून दूर फिरू लागली आणि पुन्हा खाऊ लागली, तर बीजांडं बहुधा शरीरातच जिरली. यात सहसा धोका नसतो. पिवळसर, मेणासारखे गोळे बाहेर पडले तर ती न फळलेली किंवा सुरुवातीलाच मेलेली बीजं. पाळणारे त्यांना ‘स्लग’ म्हणतात. धडधाकट पिल्लांबरोबर असे दोन-चार गोळे पडणं नेहमीचं. नुसतेच गोळे पडले तर ती वीण वाया गेली.

खरी काळजी तिसऱ्या खुणेची. दिवस उलटले तरी पोटात गाठी तशाच आहेत, काही पिल्लं बाहेर येऊन बाळंतपण मध्येच थांबलंय, दुर्गंधीयुक्त स्राव येतोय किंवा मादी मलूल पडलीय, अशा वेळी अडकलेला गाभ कुजून तिचा जीव घेऊ शकतो. पोट दाबून गोळा बाहेर काढायचा प्रयत्न मुळीच करू नये. आतली बीजांडनळी फाटू शकते. सरपटणारे प्राणी हाताळणाऱ्या पशुवैद्याकडेच जावं. सोनोग्राफीत जिवंत गर्भ आणि वांझ गोळा वेगळे कळतात. एक्स-रेत पिल्लांची हाडं दिसतात, पण दिवस भरत आल्यावरच.

गाभ बिघडण्याच्या कारणांत तापमान महत्त्वाचं. गाभण मादीला सुमारे 31-32 अंशांची ऊब आणि शेजारीच सरकायला थंड कोपरा लागतो. एप्रिल-मेमध्ये पनवेलचा पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा बंद खोलीतल्या पेटीत तो कोपराच उरत नाही. जास्त उष्णतेने गर्भ मरतात किंवा व्यंग घेऊन जन्मतात.

‘नराशी गाठच पडली नाही, मग गाभण कशी?’ हा तर्कही फसवा. अमेरिकेतल्या एका बोआने दोन विणींत 22 पिल्लं दिली, सगळ्या माद्या. त्या बापाविना जन्मल्याचं 2010मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. 2024मध्ये इंग्लंडमधल्या पोर्टस्मथच्या कॉलेजात नर समजून ‘रोनाल्डो’ नाव दिलेल्या इंद्रधनुषी बोआने 14 पिल्लं घातली. नऊ वर्षं तो एकटाच होता.

वीण वाया गेल्यावर मादीला आधी पाणी आणि शांतता द्यावी, मग लहान भक्ष्य. वजन पूर्ववत होईपर्यंत तिला नराजवळ सोडू नये.

पुढच्या लेखांकात मांडूळ : 2016 ते 2021 या काळात देशात त्याच्या तस्करीची 172 प्रकरणं नोंदली गेली, सर्वाधिक महाराष्ट्रात. जप्त झालेली मादी गाभण निघाली, तर तिचं पुढे काय करायचं?